काला अंब ते मेणवली : एका घराची कथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १४ जानेवारी रोजी, पानिपतनजीकच्या काला अंब येथे सभासद-कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर.)



आज पहाटे दिल्लीहून निघालो तेव्हा धुके इतके दाट होते की पुढच्या बसचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. सोनपत मागे पडले, पानिपत आले आणि उजेड फाकता फाकता आपण या जागी येऊन पोहोचलो. समोर विटांचा स्तंभ आहे, त्यात बसविलेली लोखंडी कांब आहे, भोवती लोखंडी कुंपण आहे. येथे एके काळी आंब्याचे एक झाड होते. १४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात जो संहार झाला त्यातील रक्ताने त्या झाडाची पाने काळवंडली, त्याला चीर दिली तर काळपट चीक पाझरे, अशी लोककथा आहे. म्हणून हा काला अंब. आपल्या भाषेत काळा आंबा. झाड पुढे वठले. त्याचे लाकूड विकत घेऊन कोणी त्याचे दरवाजे करविले, असे सांगतात. आंब्याच्या झाडाचे शेवटी दार झाले, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. भाषणाच्या अखेरीस आम्हांला पुन्हा एका दारापाशी यावयाचे आहे.

कार्यवाहांनी आम्हांस 'पानिपत' हा विषय दिला होता. परंतु मराठी माणसाला पानिपत सांगावयाचे म्हणजे त्याच्या घरच्या मृत्यूची वार्ता त्यालाच पुन्हा ऐकविण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने चाललेली कोंडी, उपाशी छावणी, विश्वासरावांना लागलेली गोळी, गर्दीत दिसेनासे झालेले भाऊसाहेब, हे सारे आपण शाळेत वाचलेले आहे आणि मनात सोसलेले आहे. तेव्हा आज आम्ही लढाईविषयी न बोलता एका घराविषयी बोलणार आहोत. ते घर येथून शेकडो कोस दूर, कृष्णाकाठी आहे. परंतु त्याच्या पायाचा एक दगड या मातीत आहे अशी आमची समजूत आहे.

हा विषय सुचला तोही सांगतो. गेल्या दिवाळीच्या संमेलनात आपल्यातील एका कुटुंबाने इटलीच्या प्रवासातील चित्रे पडद्यावर दाखविली होती. त्यात व्हिचेंझा नावाच्या शहराबाहेरचे एक जुने, देखणे, शेतीवाडीवरचे घर होते. तेथे अशा घराला 'व्हिला' म्हणतात. चित्रे संपल्यावर मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, "परक्यांचे घर छान दाखविलेत हो. आपल्याकडे असे गावाकडचे एखादे घर नाही का?" सभागृहात थोडा हशा झाला आणि प्रश्न तसाच राहिला. आजचे हे भाषण त्या आजींना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम त्या परक्या घराविषयी थोडे. इटलीच्या ईशान्येकडील व्हेनेतो प्रांतात सोळाव्या शतकात आंद्रेआ पल्लादिओ नावाचा एक थोर स्थपती होऊन गेला. त्याचा जन्म १५०८ चा, मृत्यू १५८० चा. आसपासच्या धनिकांसाठी त्याने शेतावरची घरे बांधली. मध्ये धन्याचे निवासस्थान आणि दोन्ही अंगांना पसरलेल्या पडव्यांतून धान्य, अवजारे व जनावरे यांची सोय, अशी त्यांतील कित्येकांची मांडणी असे. १५७० साली त्याने स्थापत्यावरील आपले चार भागांचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यातील आकृत्यांवरून पुढे इंग्लंड-अमेरिकेपर्यंत घरे बांधली गेली. त्याचे सर्वांत गाजलेले घर 'ला रोतोंदा'. एका लहानशा टेकडीवर ते उभे आहे. चारी दिशांना देवळासारखे सारखे द्वारमंडप, प्रत्येकाला सहा खांब आणि मधोमध घुमटाखाली गोल दालन. बांधून घेणारा पाओलो आल्मेरिको हा रोममध्ये पोपच्या दरबारी सेवा करून आपल्या गावी परतलेला गृहस्थ होता. घर पुरे होण्यापूर्वीच पल्लादिओ वारला आणि उरलेले काम स्कामोत्झी नावाच्या दुसऱ्या स्थपतीने तडीस नेले. आज हे घर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मंडळी, परमुलखी नोकरी करून दमलेला माणूस अखेरीस आपल्या मुलखात येऊन घर बांधतो, याहून अधिक मराठी गोष्ट कोणती असेल? आपल्यापैकी किती जणांच्या मनात सेवानिवृत्तीनंतरचे असे एक घर असते! कोणाचे सांगलीजवळ, कोणाचे देवरुखास, कोणाचे वर्ध्याच्या बाजूस. दिल्लीच्या दोन खोल्यांत राहून आपण त्या घराच्या ओटीची लांबी-रुंदी ठरवीत असतो. असो.

आता आपल्या घराकडे वळू. १७६१ च्या त्या दिवशी या रणभूमीवर एक तरुण होता. त्याचे नाव बाळाजी जनार्दन भानू. १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास त्याचा जन्म झाला, म्हणजे त्या दिवशी त्याला एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे हाच नाना फडणवीस म्हणून हिंदुस्थानभर प्रसिद्ध झाला. भानूंचे मूळ गाव कोकणातील वेळास. आजोबा बाळाजी महादेव हे पहिल्या पेशव्यांबरोबर देशावर आले, त्यांच्याबरोबरच दिल्लीस गेले आणि १७१९ साली दिल्लीत उसळलेल्या दंगलीत मारले गेले. म्हणजे या कुटुंबाचे उत्तरेला पहिले देणे दिल्लीतच चुकते झाले होते. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदा वर्षांच्या मुलाकडे फडणिशी आली.

भाऊसाहेबांचा लष्करी तळ उत्तरेकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर यात्रेकरूही मोठ्या संख्येने निघाले. पलटणीच्या आश्रयाने मथुरा, वृंदावन, काशी घडावी ही तेव्हाच्या माणसांची साधी इच्छा होती. नानांबरोबर त्यांची आई आणि पत्नी होत्या. आईची यात्रा घडावी हा मुलाचा हेतू. मंडळी, आपल्यातील कितीतरी जणांनी गावाकडून आईला याच हेतूने दिल्लीस आणले असेल. हरिद्वार दाखवावे, मथुरा दाखवावी आणि थंडी सरल्यावर गाडीत बसवून द्यावे. नानांची आई या रणधुमाळीतून परत आली नाही. पत्नी पुढे सापडली, आई नाही.

नानांनी आपल्या तारुण्यातील हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. मराठीतील जुन्या आत्मचरित्रांत त्या छोट्या टाचणाला मानाचे स्थान आहे. या मैदानातून तो तरुण कसा निसटला, लुटला गेला, अन्नावाचून अनोळखी मुलखात पायी कसा चालला, हे त्यात आहे. मुत्सद्दीपणाची कीर्ती अजून यावयाची होती. लिहिणारा एक भ्यालेला मुलगा आहे, आणि आपण भ्यालो होतो हे त्याने लपविलेले नाही. आम्हांला नानांच्या साऱ्या राजकारणाहून ही प्रांजळ पाने अधिक मोलाची वाटतात.

यानंतर सात वर्षे लोटली. डिसेंबर १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून नानांस वाईजवळचे मेणवली हे गाव मिळाले. वाईपासून जेमतेम एक कोसावर, कृष्णेच्या काठी. आईचा ठावठिकाणा गमावलेल्या त्या माणसाने तेथे गावाची वस्ती बसविली, स्वतःसाठी वाडा बांधला, नदीला घाट बांधला आणि घाटावर दोन मंदिरे उभारली. एक विष्णूचे व एक मेणेश्वर महादेवाचे. पुण्याची नोकरी तर चालूच होती. शनिवारवाड्याजवळ त्यांचा शहरातला वाडाही होता. तो आज नाना वाडा म्हणून पुण्यात उभा आहे. मेणवलीचे घर मात्र गावाकडचे. इटलीच्या भाषेत म्हणावयाचे तर हा नानांचा 'व्हिला'.

वाडा पाहावयास गेलेल्या माणसाला प्रथम निराशाच येते. रोतोंदा दुरून दिसते, टेकडीवरून आपले सौंदर्य चारी दिशांना उधळते. मेणवलीचा वाडा बाहेरून काहीच सांगत नाही. उंच तटासारखी भिंत आणि एक दरवाजा. मोठ्या दाराच्या पोटात लहान दिंडी, तिच्यातून मान लववून आत शिरावे लागते. आपल्याकडचे घर प्रथम पाहुण्याला वाकवावयास लावते आणि मगच दारातले पाणी पायांवर घालते.

आत गेले की देवडी लागते आणि देवडी ओलांडली की डोक्यावर एकदम आकाश येते. हा चौक. मेणवलीच्या वाड्यात असे सहा चौक आहेत आणि तटासह सारी जागा सुमारे दीड एकराची आहे. चौकाच्या चारी बाजूंना सोपे. म्हणून चौसोपी घर. सोप्यातून आतल्या खोल्या, वर माडी. घर वाढवावयाचे म्हणजे त्याला आणखी एक चौक जोडावयाचा. कुटुंब जसे वाढते तसाच वाडा वाढतो, एका अंगणाला दुसरे अंगण बिलगून.

या चौकांचा क्रम हाच वाड्याचा खरा आराखडा. पेशवेकालीन मोठ्या वाड्यांत दर्शनी चौकापर्यंत कोणीही यावे. गावकरी, कुळे, जासूद, भिक्षुक. त्यापुढे कचेरीचे, कारकुनांचे, पाहुण्यांचे राज्य. त्याच्याही पुढे देवघर, माजघर, स्वयंपाकघर, कोठी, बाळंतिणीची खोली. प्रत्येक उंबरठ्यावर बाहेरच्या जगाचा आवाज थोडा कमी होत जातो. शेवटच्या चौकात तुळशीचा दिवा आणि जात्याची घरघर एवढेच उरते. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना हे समजावून सांगावयास नको. परंतु आज येथे जी मुले बसली आहेत त्यांनी कदाचित माजघर हा शब्दच प्रथम ऐकला असेल, म्हणून सविस्तर सांगितले.

बांधणी कशी? खाली सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे जोते, वर विटा व चुना आणि सारा भार पेलणारा सागवानी सांगाडा. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत आणि घराचे माप खणांत सांगत. तेव्हाचा सुतार हाताने मोजी आणि खण सांगितला की त्याला घर कळे. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटात कोनाडे, फडताळे, दिवळ्या सहज मावत. वर कडीपाटाची तक्तपोशी. पेशवाईत खांबांना सुरूच्या झाडाचा आकार देण्याची आणि दोन खांबांत लाकडी महिरप बसविण्याची चाल होती. खांबाच्या माथ्यावर केळफुलाची नक्षी लोंबे. मेणवलीच्या भिंतींवर जुनी चित्रेही आहेत. गणपती, कृष्ण आणि पुराणांतील प्रसंग. इटलीतील श्रीमंत व्हिलांच्या भिंतींवर त्यांच्या जुन्या देवतांच्या कथा रंगविलेल्या असतात. घराच्या भिंतीने घरातल्या मुलांना गोष्टी सांगाव्या ही युक्ती दोन्ही मुलखांना सुचली होती.

किंबहुना इटलीशी आपल्या वाड्याचे खरे साम्य पाहावयाचे तर पल्लादिओच्याही मागे जावे लागेल. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपे शहरातील घरे उकरून काढली, तेव्हा बाहेरून बंद आणि आतून उघडी अशीच घरे निघाली. मध्ये उघड्या छताचे दालन, त्यातून पाऊस खालच्या उथळ हौदात पडावयाचा आणि भोवती खोल्या. आपल्या चौकात पागोळ्या गळताना ज्याने पाहिल्या आहेत त्याला पाँपेचे ते घर परके वाटणार नाही. ऊन, पाऊस आणि आकाश ही घराबाहेर ठेवण्याची वस्तू नव्हे, ती घराच्या मध्यभागी बसविण्याची वस्तू आहे, हे त्या लोकांनी आणि आपल्या लोकांनी वेगवेगळ्या वाटेने जाणले होते.

आता या अंतर्मुख वाड्याची एक बाजू मात्र मोकळी आहे. मागील अंगाने बाहेर पडले की समोर कृष्णा. चंद्रकोरीच्या आकाराचा घाट पायरीपायरीने पाण्यात उतरतो. गावाकडे पाठ फिरविल्यासारखे दिसणारे घर नदीकडे मात्र तोंड भरून हसते. आई गमावलेल्या मुलाने नदीला, जिला आपण सारे आई म्हणतो, एवढा देखणा घाट का बांधावा, याचा कागदोपत्री पुरावा कोणी देऊ शकणार नाही आणि आम्हीही तो देत नाही. परंतु त्या पायऱ्यांवर आम्ही एकदा सायंकाळी बसलो होतो, तेव्हा हा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही. येथल्या तरुण मंडळींनी तो घाट न जाताच पाहिलेला असेल. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रीकरण तेथे झाले. परदेशात नोकरी करणारा मुलगा आपल्याला वाढविणाऱ्या बाईच्या शोधात गावी येतो, ही त्यातील कथा. योगायोग म्हणावा तरी कसा!

मेणेश्वराच्या मंदिरापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आणि भीमाशंकरची घंटा आपणांस ठाऊक आहेतच. मेणवलीची ही त्यांचीच बहीण. विजेत्यांनी ती आणली हे खरे. परंतु आणल्यावर तिच्यावरची माउली घासून टाकली नाही हेही तितकेच खरे. आपली मूळ जागा सुटलेली एक वस्तू दुसऱ्याच्या अंगणात आपल्या मूळ चेहऱ्यानिशी नांदते आहे. दूर येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्या घंटेचा नाद निराळा ऐकू यावा.

इटलीचा आणि या घराच्या धन्याचा एक कडवट संबंधही सांगणे प्राप्त आहे. सवाई माधवरावांच्या १७९५ मधील मृत्यूनंतर पुण्याच्या राजकारणाचे तारू भरकटले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या चाकरीतील मायकेल फिलोज नावाच्या नेपल्सच्या सरदाराने नानांना सुखरूप परत पोहोचविण्याचे वचन दिले आणि भेटीस आलेल्या नानांना कैद केले. अहमदनगरच्या किल्ल्यातून ते सुटले ते पुढच्या वर्षी. याच फिलोज घराण्यातील एका वंशजाने १८७४ साली ग्वाल्हेरला शिंद्यांसाठी जयविलास राजवाडा उभारला. इटालियन धाटणीचे मराठी घर पाहावयाचे असेल तर ते तेथे आहे, आणि ग्वाल्हेर आपल्याला जवळही आहे. परंतु ती वास्तू पाहावी दिपून जाण्यासाठी; मेणवली पाहावी ती ओळख पटण्यासाठी.

१३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यास वारले. त्यांना मुलगा नव्हता. मागे राहिली जिऊबाई, वयाने अगदी लहान. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत नानांच्या मालमत्तेवर जप्ती आली. १८०४ मध्ये इंग्रजांच्या मध्यस्थीने जिऊबाईंना संरक्षण मिळाले. पुढे त्या मेणवलीस राहिल्या, दत्तक घेऊन त्यांनी घराणे चालविले. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. परंतु आज वाडा उभा आहे त्याचे श्रेय बांधणाऱ्याइतकेच राखणाऱ्या त्या बाईंचे आहे. नाना फडणवीस राज्य राखू शकले ते त्यांच्या हयातीपुरते. जिऊबाईंनी राखलेले घर अद्याप आहे, वंशजांकडे आहे आणि पाहणाऱ्याला आत शिरता येते.

घराबरोबर आणखी एक गोष्ट राखली गेली. ते मेणवली दप्तर. नाना हे मूळचे फडणीस. कागद हाच त्यांचा प्राण. हिशेब, पत्रे, याद्या, बातम्या, सारे मोडीत लिहिलेले, रुमालांत बांधलेले. पुढे दत्तात्रय बळवंत पारसनीसांसारख्या संग्राहकांनी हे कागद अभ्यासकांपुढे आणले आणि अठराव्या शतकाचा महाराष्ट्र आपल्याला त्यातून दिसू लागला. दगड-विटांचा वाडा राहिला म्हणून आपल्याला नानांचे घर कळते. कागद राहिले म्हणून नाना कळतात.

आता मंडळी, या स्तंभाकडे पुन्हा पाहा. येथे जे पडले त्यांत सरदारांची नावे आपल्याला पाठ आहेत. विश्वासराव, भाऊसाहेब, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी. परंतु त्यांच्यामागे जे हजारो होते ते कोणत्या गावचे होते? त्यांच्या घराला किती खण होते? दारात तुळस होती की कडुनिंब? कोणी दिंडीत उभे राहून वाट पाहत होते? त्यांचा वाडा राहिला नाही आणि दप्तरही राहिले नाही. हे लोक दोनदा गेले. एकदा येथे, आणि दुसऱ्यांदा जेव्हा त्यांच्या घराची आठवण सांगणारे शेवटचे माणूस गेले तेव्हा.

आणि आता त्या दाराकडे येतो. आमच्या घराण्याचाही एक लहानसा वाडा होता. एकच चौक, मेणवलीच्या सहाव्या हिश्शाचाही नव्हे. वारस सतरा, कोणी पुण्यात, कोणी बडोद्यास, कोणी अमेरिकेत, आम्ही दिल्लीत. गळके कौल कोणी बदलावे यावर तीन वर्षे पत्रव्यवहार झाला आणि अखेर सर्वानुमते वाडा विकला गेला. सही आमचीही आहे. कोणी आम्हांस फसविले नाही, कोणी जबरदस्ती केली नाही. आम्हीच दमलो होतो. नव्या मालकाने लाकूड उतरवून विकले. त्यानंतर कधी तरी राजधानीच्या परिसरातील एका मोठ्या उपाहारगृहात आम्ही नातवंडांसह जेवावयास गेलो. समोरचे टेबल म्हणजे काचेखाली आडवे निजविलेले एक जुने दिंडीदार दार होते. कड्या, बिजागऱ्या, पितळी फुले, सारे जागच्या जागी. आम्ही वाकून त्या दाराची डावी कड शोधीत राहिलो. कारण आमच्या दाराच्या डाव्या कडेला आत्याने दरवर्षी मुलांची उंची मोजून चाकूने खुणा केल्या होत्या. खुणा नव्हत्या. ते दार आमचे नव्हते. आमच्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, काय हरवलं?" आम्हांला सांगता आले नाही. सांगावयाचे तर आधी वाडा सांगावा लागला असता. चौक, सोपा, खण, कोनाडा. आणि तिने यांतला एकही शब्द कधी ऐकलेला नव्हता. दार विकले याची खंत होतीच. परंतु शब्दही आपण दारांबरोबरच उतरवून टाकले, हे त्या क्षणी कळले आणि ते अधिक बोचले.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. तिला निधी नको, इमारत नको. मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक कुटुंबाने तिच्यात दोन पाने लिहावीत. एका पानावर आपल्या मूळ घराची आकृती. मग तो वाडा असो, कौलारू खोपटे असो, गिरणगावातली चाळीची खोली असो. आकृती वेडीवाकडी चालेल, परंतु चूल कोठे होती, देव कोणत्या भिंतीला होते, पाणी कोठून येई, आजी कोठे बसे, हे तिच्यात असावे. दुसऱ्या पानावर त्या घरात राहिलेल्यांची नावे, घर सुटल्याचे कारण आणि कोणी नेलेली एखादी वस्तू आज कोठे आहे ते. चुकीचे आठवत असेल तर भावंडांना पत्र लिहून विचारावे. त्या निमित्ताने पत्र तरी जाईल. पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ ज्यांनी स्थापिले त्यांपैकी मोजकीच माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्यापासूनच आरंभ करावा आणि तो येत्या पाडव्याच्या आत करावा. हे आपले दप्तर होईल.

इटलीतील लोकांनी आपली घरे राखली ती दगड भक्कम होता एवढ्यामुळेच नव्हे. पल्लादिओने आपली घरे कागदावर आखून ठेवली होती, आणि पुढच्या पिढ्यांना ती वाचता येत होती. आपल्याला सारे वाडे राखता येणार नाहीत. सहा चौकांचे घर कोणाच्या नशिबी नाही आणि एका चौकाचेही आम्हांस राखता आले नाही. परंतु दोन पाने राखता येतील.

येथून परत जाताना मुलांना आंब्याच्या झाडाची कथा अवश्य सांगा. त्याबरोबर हेही सांगा की या मैदानातून एक मुलगा आईवाचून परत गेला, आणि त्याने घर बांधले. दार गावाकडे ठेवले, पायऱ्या नदीकडे ठेवल्या आणि भिंतींवर गोष्टी रंगविल्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी उन्हाळ्यात गावी जाताना वाईस उतरावे, ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि एक कोस पुढे जाऊन मेणवलीच्या घाटावर सायंकाळी थोडे बसावे. त्या दिवाळीतल्या प्रश्नकर्त्या आजी आज थंडीमुळे आपल्याबरोबर येऊ शकल्या नाहीत. वहीचे पहिले पान त्यांच्या घराचे असावे अशी आमची विनंती आहे. उद्या आम्ही स्वतः कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जाणार आहोत.

धुके आता निवळले आहे. डब्यांतला तिळगूळ बाहेर काढण्यापूर्वी क्षणभर उभे राहून या ठिकाणी पडलेल्या अनाम माणसांना, त्यांच्या घरांना आणि त्या घरांत वाट पाहत राहिलेल्यांना आपण वंदन करू. मग तिळगूळ घेऊ, गोड बोलू.